बारशिंग्याचे डोके की जळता डोंगर? मॅकेन्झी कुळाच्या चिन्हाविषयी

तांबटआळीकर (नाशिक)

सर्वांना नमस्कार. माझे आजोबा देवळालीच्या लष्करी छावणीत भांड्यांना कल्हई करून देण्याचे काम करीत. गेल्या महिन्यात माळ्यावरचा त्यांचा पत्र्याचा डबा उतरवला, तेव्हा जुन्या पावत्या आणि दोन कातऱ्या यांच्याखाली पांढऱ्या धातूचा एक बिल्ला सापडला. त्याची रुंदी तीन-चार बोटे असेल. समोर पाहणाऱ्या हरणाचे डोके, मान अजिबात नाही, दोन्ही बाजूंना फांद्या फुटलेली मोठी शिंगे आणि खाली फितीवर रोमन अक्षरांत काही शब्द, असे त्याचे स्वरूप आहे. घरातली आठवण एवढीच की, मायदेशी परतणाऱ्या कोणा गोऱ्या शिपायाने तो आजोबांना दिला होता.

माझा भाचा नोकरीनिमित्त स्कॉटलंडमधील इन्व्हरनेस येथे राहतो. त्याला छायाचित्र पाठवल्यावर त्याने तिथे विचारपूस केली. फितीवरील शब्द गेलिक भाषेतील असून त्यांचा उच्चार ‘कुजिख न री’ असा काहीसा होतो, अर्थ ‘राजाला साहाय्य करा’ असा आहे आणि हे चिन्ह मॅकेन्झी कुळाचे आहे, असे त्याला सांगण्यात आले. मात्र त्याने तेथील दुकानातून मॅकेन्झी कुळाची म्हणून जी किल्ल्यांची साखळी विकत घेऊन पाठवली, तिच्यावर हरिण नाहीच. तिच्यावर बकल लावलेल्या पट्ट्याच्या वर्तुळात ज्वाळांनी वेढलेला डोंगर आहे आणि ‘लुसेओ नॉन उरो’ हे लॅटिन वाक्य आहे. म्हणजे ‘मी प्रकाशतो, जळत नाही’.

एकाच कुळाची अशी दोन चिन्हे कशी? त्यांतले खरे कोणते? आणि भाच्याचा आग्रह आहे की, आमच्या भांड्यांच्या दुकानाच्या पितळी पाटीवर हे हरिण कोरून घ्यावे. तसे करणे योग्य होईल का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

गंगापूररोडकर

आपली दोन्ही चिन्हे खरी आहेत. गोंधळ होतो तो ‘कुळाचे चिन्ह’ या शब्दांमुळे, कारण स्कॉटलंडच्या कायद्यात कुळाचे असे चिन्हच नसते. तिथे ढालीवरचे चिन्ह एका व्यक्तीचे असते, जशी आपल्याकडे मुद्रा. शिवाजी महाराजांच्या मुद्रेवर ‘शाहसूनोः शिवस्यैषा मुद्रा’ असे स्पष्ट म्हटले आहे, आणि संभाजी महाराजांनी राज्यावर आल्यावर तीच मुद्रा पुढे चालवली नाही, स्वतःची वेगळी घडवली. मॅकेन्झी आडनावाच्या हजारो माणसांपैकी निळ्या भूमीवर सोनेरी हरणाचे डोके अशी साधी, कोणताही फरक न केलेली ढाल बाळगण्याचा हक्क केवळ कुळाच्या प्रमुखाला असतो. धाकट्या शाखांतील ज्यांना चिन्ह हवे असेल त्यांनी लॉर्ड लायन या अधिकाऱ्याच्या न्यायालयात अर्ज करायचा. तिथे ढालीला कडेने वेगळ्या रंगाची किनार देऊन किंवा एखादी लहान खूण वाढवून फरक केला जातो आणि मगच त्याची नोंद होते. या नोंदवहीला १६७२ च्या कायद्याने आजचे स्वरूप आले. चिन्हाचा अनधिकृत वापर हा तिथे आजही गुन्हा आहे, आणि त्यासाठी या न्यायालयाचा स्वतःचा सरकारी वकीलसुद्धा आहे. चिन्हांसाठी वेगळे फौजदारी न्यायालय चालवणारा दुसरा देश शोधून सापडणे कठीण!

आता हरिण आणि डोंगर यांचा उलगडा. संपूर्ण मानचिन्हात ढाल खाली असते, तिच्यावर शिरस्त्राण आणि शिरस्त्राणाच्या माथ्यावर आणखी एक चिन्ह, ज्याला आपण शिरचिन्ह म्हणू. मॅकेन्झी प्रमुखाच्या ढालीवर हरिण आहे आणि शिरचिन्ह म्हणून जळता डोंगर. सामान्य कुळबंधूला प्रमुखाची ढाल वापरता येत नाही, परंतु प्रमुखाचे शिरचिन्ह पट्ट्या-बकलाच्या वर्तुळात घालून टोपीवर लावता येते. तो पट्टा म्हणजे ‘मी या प्रमुखाचा माणूस आहे’ असे सांगणारी खूण. चिन्ह प्रमुखाचेच राहते, लावणारा केवळ अनुयायी ठरतो. पट्ट्याची ही पद्धत एकोणिसाव्या शतकात रूढ झाली. ज्याच्या नावावर स्वतःचे चिन्ह नोंदलेले असते, त्याचे शिरचिन्ह साध्या कड्यात बसते. प्रमुख स्वतः त्यामागे गरुडाची तीन पिसे लावतो, शाखाप्रमुख दोन लावतो आणि केवळ चिन्हधारक असलेला एक. म्हणजे गर्दीत एखाद्याच्या टोपीकडे पाहून त्याचा दर्जा ओळखता येतो. आपल्या भाच्याने पाठवलेली साखळी त्यामुळे नियमाला धरून आहे.

हा जळता डोंगर मुळात मॅकेन्झींचा नाही, ही त्यातली खरी मौज आहे. तो लुईस बेटावरच्या मॅक्लाउड घराण्याच्या ढालीवरचा. १६१० मध्ये किंटेलच्या मॅकेन्झींनी लुईस आपल्या ताब्यात घेतले, आणि त्यांच्याच एका शाखेतील रॉडरिक मॅकेन्झी याने लुईसवर हक्क सांगणाऱ्या मॅक्लाउडच्या मुलीशी विवाह केला. जमीन आली, मुलगी आली आणि तिच्याबरोबर डोंगरही आला. आजचे कुळप्रमुख, क्रोमार्टीचे अर्ल, याच रॉडरिकच्या वंशातील आहेत. त्यांचे निवासस्थान कासल लाउड हे स्ट्रॅथपेफर गावाजवळ आहे. प्रमुखाला गेलिकमध्ये मात्र ‘काबर फेय’ म्हणजे ‘हरणाची शिंगे’ याच नावाने संबोधतात. तिथे हरणाने आपला मान सोडलेला नाही.

तेव्हा दुकानाच्या पाटीवर हरिण कोरू नये, असे माझे मत आहे. लॉर्ड लायनचा हुकूम नाशकात चालत नाही हे खरे. पण ज्या मुद्रेवर दुसऱ्याचे नाव आहे ती आपण आपल्या पाटीवर का उठवावी? आपल्या आळीचा हातोडा कोरावा, तो अधिक शोभेल.

मोडीवाचक

वरील उत्तर उत्तम आहे. इतिहासाची बाजू मी थोडी विस्ताराने मांडतो, कारण या घराण्याचा संबंध आपल्या किनाऱ्याशीही आलेला आहे आणि तो फारसा कोणाला ठाऊक नसतो.

आधी नावाविषयी. गेलिकमध्ये हे नाव ‘मॅक कोनिख’, म्हणजे ‘कोनिखचा मुलगा’; कोनिखचेच इंग्रजी रूप केनेथ. मग त्यात ‘झ’ कोठून आला? जुन्या स्कॉट्स लिपीत ‘य’च्या जवळचा उच्चार दाखवणारे ‘योख’ नावाचे अक्षर होते. छापखान्यांकडे त्याचा खिळा नव्हता, आणि दिसायला ते झेडसारखे असल्यामुळे छापणाऱ्यांनी झेड वापरला. पुढे लोक छापलेले तसेच वाचू लागले आणि उच्चारच बदलला. मोडी कागद वाचणाऱ्यांना अशा फसगतीचा अनुभव रोजचा आहे. वळण चुकीचे वाचले की गावाचे नाव बदलते आणि पुढचा नकलकार त्याच चुकीवर शिक्का मारतो.

हरणाची कथा अशी सांगतात: राजा तिसरा अलेक्झांडर शिकारीत असताना चवताळलेले हरिण त्याच्या अंगावर आले, तेव्हा आयर्लंडहून आलेल्या कॉलिन फिट्झजेराल्ड याने ‘राजाला साहाय्य करा’ असे ओरडत ते मारले आणि बक्षीस म्हणून किंटेलची जमीन व हरणाचे चिन्ह मिळवले. १७८६ मध्ये बेंजामिन वेस्ट या चित्रकाराने या प्रसंगाचे भिंतभर चित्र रंगवले, आणि ते आज एडिंबरोच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहात आहे. कथा देखणी आहे, पण इतिहास म्हणून टिकत नाही. कॉलिनला जमीन दिल्याची जी १२६६ ची सनद पुढे केली जाते ती बनावट मानली जाते, आणि फिट्झजेराल्ड वंशाचा दावा सतराव्या शतकात घराण्याला वैभव आल्यानंतर पुढे आला. जुन्या गेलिक वंशावळींत मॅकेन्झी आणि मॅथिसन ही दोन्ही घराणी गिलिऑन नावाच्या स्थानिक पुरुषापर्यंत जातात. वैभव आले की मूळपुरुष दूर देशीचा आणि राजमान्य शोधायचा, ही हौस आपल्याकडच्या बखरींतही पुरेशी दिसते, त्यामुळे हसण्याचे कारण नाही.

वैभव मात्र खरे होते. किंटेल हा स्काय बेटासमोरचा मुलूख. तिथल्या आयलन डोनन या बेटावरच्या किल्ल्याची हवालदारी मॅकेन्झींच्या वतीने मॅक्रे घराण्याकडे असे, आणि मॅक्रे लोकांना ‘मॅकेन्झीचे चिलखत’ म्हणत. १६२३ मध्ये कुळप्रमुखाला सीफोर्थचा अर्ल ही पदवी मिळाली. पुढे १७१५ च्या जॅकोबाइट उठावात पाचवा अर्ल विल्यम पदच्युत स्टुअर्ट राजवंशाच्या बाजूने उभा राहिला आणि पदवी व जमीन दोन्ही गमावून बसला. १७१९ मध्ये पुन्हा प्रयत्न झाला. त्या वेळी आयलन डोननवर स्पॅनिश सैनिकांची शिबंदी होती, ब्रिटिश आरमाराने तोफा डागून किल्ला पाडला, आणि जूनमध्ये ग्लेनशीलच्या लढाईत उठाव संपला. (आज पर्यटकांच्या छायाचित्रांत दिसणारा तो किल्ला विसाव्या शतकात नव्याने बांधलेला आहे.)

याच काळातील एक गोष्ट मला या साऱ्या चिन्हांपेक्षा अधिक बोलकी वाटते. अर्ल परदेशात, जमीन सरकारजमा. तरी किंटेलच्या कुळांनी सरकारला खंड दिला नाही. डोनाल्ड मर्चिसन नावाच्या कारभाऱ्याने तो वर्षानुवर्षे गोळा केला आणि परागंदा धन्याकडे पोहोचवला. १७२१ मध्ये सरकारी वसुली अधिकारी सैनिक घेऊन आले, तेव्हा त्यांना खिंडीत अडवून परत पाठवण्यात आले. वतन जप्त झाले तरी रयत जुन्या वतनदारालाच मानते, याचे इतके स्वच्छ उदाहरण विरळा.

आता आपला किनारा. घराण्याने पुढे जमीन परत मिळवली, सरकारशी जुळवून घेतले आणि विल्यमचा नातू केनेथ याने १७७८ मध्ये एक पलटण उभारली. त्या पलटणीतील मॅक्रे शिपायांनी, आपल्याला ईस्ट इंडिया कंपनीला विकले आहे अशा समजुतीने, एडिंबरोच्या आर्थर्स सीट या टेकडीवर ठाण मांडून बोट चढण्यास नकार दिला होता. पुढे १७८१ मध्ये पलटण हिंदुस्थानकडे निघाली, तेव्हा केनेथ प्रवासातच मरण पावला आणि दोनशेहून अधिक शिपाई रोगाने दगावले. त्याचा वारस, चुलतभाऊ थॉमस फ्रेडरिक हम्बरस्टन मॅकेन्झी, त्याच सुमारास हिंदुस्थानात येऊन दक्षिणेत हैदरअलीच्या विरुद्ध लढला. एप्रिल १७८३ मध्ये तो ‘रेंजर’ या जहाजावरून मुंबईहून निघाला असता आनंदराव धुळपांच्या आरमाराने रत्नागिरीच्या बाजूला जहाज गाठले. इंग्रज आणि मराठे यांच्यात सालबाईचा तह झालेला होता, तरी समुद्रावर चकमक झालीच. मॅकेन्झी जबर जखमी झाला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस घेरियाला, म्हणजे आपल्या विजयदुर्गला, मरण पावला. स्कॉटलंडच्या एका कुळाचा प्रमुख मराठ्यांच्या गोळीने विजयदुर्गात संपला, हे आपल्या शाळेच्या पुस्तकांत कधी आले नाही.

त्याचा भाऊ फ्रान्सिस गादीवर आला. लहानपणीच्या आजाराने त्याला ऐकू येत नसे, तरी त्याने १७९३ मध्ये ७८ वी हायलँड पलटण उभारली आणि पुढे बार्बाडोसचे गव्हर्नरपदही सांभाळले. त्याचे चारही मुलगे त्याच्या आधी गेले आणि १८१५ मध्ये त्याच्याबरोबर पुरुषवंश खुंटला. सीफोर्थ घराण्याच्या ब्राहन या गढीशी जोडल्या गेलेल्या एका द्रष्ट्याने हे सारे आधीच सांगून ठेवले होते अशी दंतकथा आहे. परंतु ती सविस्तर छापली गेली ती घटना घडून गेल्यानंतर, एवढे लक्षात ठेवलेले बरे.

लामरोड

मी देवळाली कॅम्पचा रहिवासी आहे. आपल्या बिल्ल्याचा धागा मोडीवाचक यांनी उल्लेखिलेल्या ७८ व्या पलटणीपर्यंतच पोहोचतो. १८८१ मध्ये ७२ वी आणि ७८ वी या दोन्ही पलटणी एकत्र करून ‘सीफोर्थ हायलँडर्स’ ही पलटण करण्यात आली. तिच्या टोपीवरचा बिल्ला म्हणजे हेच समोर पाहणारे हरणाचे डोके आणि खाली ‘कुजिख न री’. अधिकाऱ्यांच्या चांदीच्या बिल्ल्यावर शिंगांच्या मध्ये मुकुट आणि ‘एल’ हे अक्षर असे. आपण तसे काही लिहिले नाही, म्हणून तो साध्या शिपायाचा दिसतो. पलटण उभारणाऱ्या प्रमुखाच्या ढालीवरचे हरिण पलटणीने उचलले, म्हणून आपल्या हाती ढालीचे चिन्ह आले आणि भाच्याच्या हाती शिरचिन्ह.

ही ७८ वी पलटण २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या लढाईत इंग्रज सेनापती वेलस्लीच्या बाजूने, शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेविरुद्ध लढली. असई आजच्या जालना जिल्ह्यात आहे, नाशकाहून एका दिवसात जाऊन येण्यासारखी. केळणा नदीच्या बाजूने ही पलटण मराठ्यांच्या तोफखान्यावर चालून गेली. त्या लढाईबद्दल तिच्या निशाणावर हत्ती आणि ‘असई’ हे नाव मिरवण्याची परवानगी मिळाली. म्हणजे एका बाजूला विजयदुर्गात पडलेला कुळप्रमुख आणि दुसऱ्या बाजूला निशाणावरचा असईचा हत्ती. मॅकेन्झींच्या चिन्हांचा हिशेब आपल्याच मुलखात दोन्हीकडून मांडलेला आहे.

मात्र दोन गोष्टींची घाई करू नये. ज्याने बिल्ला दिला तो शिपाई मॅकेन्झी असेलच असे नाही. पलटणीत कोणत्याही आडनावाचा माणूस हेच हरिण लावत असे. आणि ती पलटण देवळालीतच मुक्कामाला होती असा अर्थही काढू नये. आपली छावणी म्हणजे मुख्यतः येणाऱ्या-जाणाऱ्या सैनिकांचे थांब्याचे ठिकाण होते. जहाज मिळेपर्यंत शिपाई इथे महिनोन्महिने पडून राहत, त्या कंटाळ्यावरून इंग्रजीत वेड लागण्याला आपल्या गावाचेच नाव पडले. अशा रिकाम्या दिवसांत बिल्ले, बटणे आणि चाकू यांची देवाणघेवाण सहज होत असे.

बिल्ल्याची मागची बाजू कशी आहे ते कळवाल का?

पंचवटीकर

एक शंका. ‘क्लॅन’साठी आपण सर्वजण ‘कुळ’ म्हणत आहात. प्रत्येक क्लॅनची एखादी वनस्पतीही ठरलेली असते, असे वाचले आहे. मग हे आपल्या देवकासारखेच झाले, नाही का?

गंगापूररोडकर

साम्य डोळ्यांत भरते खरे. मॅकेन्झींची वनस्पती हॉली, त्यातही पांढरट कडांच्या पानांची, आणि तिची डहाळी टोपीत खोवली जाते. परंतु देवक लग्नाच्या वेळी पुजले जाते आणि एकाच देवकाच्या घरांत सोयरीक होत नाही; त्याचा आधार रक्ताच्या नात्याचा आहे. क्लॅनमध्ये तसा निर्बंध नाही. मॅकेन्झींची मॅकेन्झींत लग्ने सर्रास होत. मुळात सगळे एका रक्ताचेही नसत. प्रमुखाच्या जमिनीवर राहणारी, त्याच्या आश्रयाला आलेली कुटुंबे त्याचेच नाव लावू लागत, आणि मॅक्रे यांच्यासारखी काही आपले नाव राखूनही त्याच्याच झेंड्याखाली लढत. ‘कुळ’ हा शब्द मी तरीही ठेवीन, कारण मराठीत जमीन कसणाऱ्यालाही आपण कुळच म्हणतो, आणि क्लॅनमध्ये हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. मोडीवाचक यांनी सांगितलेली खंडाची गोष्ट या दुसऱ्या अर्थाची आहे.

मोडीवाचक

‘कुळ’ शब्दाचा हा दुहेरी अर्थ माझ्या ध्यानात आला नव्हता. आभार.

एक पुरवणी जोडतो. हिंदुस्थानचे पहिले सर्व्हेअर जनरल कर्नल कॉलिन मॅकेन्झी हे लुईस बेटावरच्या स्टॉर्नोवे गावचे, म्हणजे ज्या बेटाबरोबर जळता डोंगर आला तिथलेच. १८१५ मध्ये ते या पदावर आले. त्यांनी दक्षिणेत जमवलेल्या प्रचंड हस्तलिखित संग्रहात मराठी कागदही आहेत. या एका मॅकेन्झीचे आपल्यावर ऋण आहे, असे आम्हा कागद वाचणाऱ्यांना म्हणावेच लागते.

तांबटआळीकर (नाशिक)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पाटीचा विचार सोडून दिला आहे. भाच्याला गंगापूररोडकर यांचे उत्तर जसेच्या तसे वाचून दाखवले.

लामरोड यांनी विचारल्यावरून भिंग घेऊन बसलो. बिल्ला ठशावर दाबून काढलेला आहे, कारण पुढे जिथे उंचवटा आहे तिथे मागे तेवढाच खोलगटपणा आहे. ओतकामात असे होत नाही. मागे डाख लावून बसवलेल्या दोन कड्या आहेत. उजवीकडच्या कडीचा डाख पुन्हा लावलेला आहे, आणि तो मूळ डाखापेक्षा जाड, आमच्या पद्धतीचा आहे. हे काम आजोबांच्या हातचे असावे असे मला वाटते. कदाचित बिल्ला दुरुस्तीलाच आला असेल आणि शिपायाचे जहाज आधी सुटले असेल; तसे असेल तर भेटीची घरातली आठवण थोडी दुरुस्त करावी लागेल.

लामरोड

तो दुसऱ्यांदा लावलेला डाख अजिबात काढू नका. संग्राहक त्याला दोष म्हणतील, परंतु बिल्ला देवळालीत होता याचा तुमच्याकडचा एकमेव पुरावा तोच आहे. आणखी एक विनंती: कपाळावरच्या केसांच्या बारीक रेषा अजून शाबूत असतील, तर बिल्ला घासू नका. नुसत्या मऊ कापडाने पुसून ठेवा.

तांबटआळीकर (नाशिक)

आपली सूचना येण्यापूर्वीच आमच्या मातोश्रींनी तो चिंच आणि मीठ लावून लखलखीत केलेला आहे. केसांच्या रेषा डावीकडे दिसतात, उजवीकडे आता दिसत नाहीत. डाख मात्र जागच्या जागी आहे.